परवडणारा रंगीत रोल

भोर तालुक्यातील भोंगवलीस एका घरी आम्ही बैठकीसाठी गेलो होतो. बैठक आटोपली, चहा झाला आणि घरातल्या तरुण मुलाने फडताळातून एक कॅमेरा काढून आमच्यापुढे ठेवला. वडील मुंबईस गिरणीत होते तेव्हाचा, पस्तीस मिलिमीटरचा. "काका, यात घालायला परवडेल असा रंगीत रोल कोणता?" असे त्याने विचारले. मोबाईलमध्ये हजारो फोटो पडून असतात, पण हातात धरावा असा एकही नाही, ही त्याची तक्रार. आम्हाला ती पटली.

उत्तर द्यायला आम्ही काही छायाचित्रकार नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. फिल्मविषयी जे कळले ते खोक्यावरचे छापील वाचून, स्टुडिओवाल्यांना विचारून आणि एकदा चांगलेच तोंडघशी पडून.

ती गोष्ट १९९३ सालची. एका कारखान्यात प्रेसवर काम करताना आमच्या एका सोबत्याची दोन बोटे गेली. यंत्राला संरक्षक जाळी नव्हती. ती बसवली जाण्याआधी पुरावा म्हणून फोटो काढून ठेवावा, असे आम्ही ठरवले. बाजारातला सर्वांत स्वस्त म्हणून १०० क्रमांकाचा रोल घेतला, फ्लॅश न वापरता ट्यूबलाइटच्या उजेडात घाईने फोटो काढले. कॉप्या आल्या त्या हिरवट चिखलासारख्या. समोरच्या वकिलाने फोटो हातात धरून विचारले, "यात जाळी नाही हे कोठे दिसते?" जाळीच काय, यंत्रही धड दिसत नव्हते. पुढे साक्षीदारांवर सारे निभावून न्यावे लागले. रोलमागे वाचवलेले वीस-पंचवीस रुपये त्या दिवशी आम्हाला फार महाग पडले.

चूक कोठे झाली ते नंतर समजले. खोक्यावरचा १००, २००, ४०० हा आकडा फिल्म किती चपळ आहे ते सांगतो. १०० च्या रोलला जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या निम्म्यावर २०० चा आणि चौथाईवर ४०० चा रोल काम भागवतो. शेतात, लग्नाच्या मांडवाबाहेर, जत्रेत, म्हणजे उघड्या उन्हात २०० पुरेसा. घरात, सभागृहात, पावसाळी दिवशी ४००. ज्या साध्या कॅमेऱ्यात काहीच फिरवता येत नाही, त्यात तर ४०० च घालावा. त्यातही रात्री दिव्याखाली फ्लॅश लागतोच. हिरवटपणाचे कारण वेगळे. ही फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असते, म्हणून तिच्यावर ट्यूबलाइट हिरवी उतरते आणि पिवळा दिवा तांबडा.

आता निगेटिव्ह म्हणजे काय ते पाहू. एका पारदर्शक पट्टीवर मुख्यतः तीन थर असतात: एक निळ्या प्रकाशाला जागा होणारा, दुसरा हिरव्याला, तिसरा तांबड्याला. रसायनात धुताना त्या थरांत अनुक्रमे पिवळा, किरमिजी व निळसर-हिरवा रंग तयार होतो आणि चांदी काढून टाकली जाते. हे रंग पुरते शुद्ध नसतात. त्यांचा दोष भरून काढण्यासाठी फिल्ममध्ये नारिंगी छटा मुद्दाम ठेवलेली असते. आमचे काही सोबती निगेटिव्ह नारिंगी दिसली की रोल खराब निघाला असे समजत, तसे नाही. १९७२ साली कोडॅकने सी-४१ ही धुण्याची पद्धत आणली आणि पुढे सगळ्या कंपन्यांनी तीच उचलली. सुमारे ३८ अंश सेल्सिअस उष्णतेच्या डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटे. स्वस्त रोल असो की महाग, दोघांना तेच पाणी. म्हणून रोल स्वस्त घेतल्याने धुलाईत काही कमी पडत नाही.

या निगेटिव्हचा एक मोठा गुण असा की ती जास्त उजेड सोसते, कमी सोसत नाही. जास्त झाला तर निगेटिव्ह दाट होते, पण तिच्यातून कॉपी निघते. कमी पडला तर सावलीच्या जागी पट्टी कोरीच राहते, आणि कोऱ्या पाटीवरून कोण काय वाचणार? म्हणून २०० चा रोल घातला तरी कॅमेऱ्याची चकती १०० वर ठेवावी, असे आम्ही सांगतो. जुन्या कॅमेऱ्याचा मीटर बंद असेल तर उजेड मोजण्याचे साधन हल्ली मोबाईलमध्येही घालून घेता येते.

मग नावे. कोडॅकचे कलरप्लस २०० व गोल्ड २००, घरातल्या कामासाठी अल्ट्रामॅक्स ४००, फूजीचे २०० आणि ४००, यांपैकी जो ताजा व स्वस्त मिळेल तो घ्यावा. पोर्ट्रा उत्तम आहे, बारीक दाण्याची आहे, पण बारशाच्या फोटोला तिची गरज नाही. इंग्लंडच्या हार्मन कंपनीने २०२३ साली फीनिक्स नावाची रंगीत फिल्म काढली. तिचे रंग भडक आणि ती चुकीला फार माफ करीत नाही. नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करू नये.

स्वस्त हा शब्द मात्र हिशेबाने वापरावा. समजा, ३६ फोटोंचा रोल ९०० रुपयांस आणि धुणे-स्कॅन करणे ५०० रुपयांस पडले. फोटोमागे सुमारे ३९ रुपये झाले. २४ फोटोंचा रोल ७५० ला मिळाला म्हणून आनंद मानाल, तर धुलाई तेवढीच, म्हणजे फोटोमागे ५२. मुदत संपलेला रोल कोणी ३०० ला दिला आणि त्यातले बाराच फोटो धड आले, तर एकेक ६७ रुपयांना पडला. जुना रोल मंद होतो, त्यावर धुके चढते, रंग बिघडतात. गंमत म्हणून घालावा, लग्नासाठी नव्हे.

आणखी एक सावधगिरी. सिनेमाच्या फिल्मचे तुकडे डब्यांत भरून स्वस्तात विकले जातात. फिल्म उत्तम असते, पण आजवर विकल्या गेलेल्या बहुतेक सिने-फिल्मच्या पाठीवर काजळीचा काळा थर असतो. साध्या दुकानाच्या यंत्रात ती घातली की थर सुटून सगळे पाणी नासते, आपल्याबरोबर दुसऱ्यांचेही रोल जातात. विकत घेण्याआधी धुणाऱ्याला विचारावे.

रोल इतके महाग का, असे त्या मुलाने विचारले. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला, १९६७ पासून माल निघू लागला. 'इंदू' नावाची काळी-पांढरी फिल्म आणि इस्पितळांसाठी एक्स-रे फिल्म तेथे होत असे. तो कारखाना आता बंद आहे. तेथल्या कामगारांविषयी बोलायचे तर निराळे व्याख्यान लागेल. आज रंगीत रोल परदेशातून येतो, म्हणून डॉलरचा भाव आणि जकात आपल्याच खिशातून जाते.

त्या मुलाच्या आईने मग पेटीतून एक पाकीट आणले. आतल्या कॉप्या ओलीने एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यांतला वडिलांचा चेहरा सोलून निघाला होता. पण त्याच पाकिटाच्या मागच्या कप्प्यात चार-चार फोटोंच्या पट्ट्या कोरड्या राहिल्या होत्या. त्यातली एक आम्ही पुण्यास नेली आणि मोठी कॉपी काढून आणली. हल्ली दुकानदार स्कॅन मोबाईलवर पाठवतो, आणि पुष्कळ जण निगेटिव्ह न्यायला फिरकतच नाहीत. रोल धुवायला देतानाच निगेटिव्ह परत हवी असे सांगून ठेवावे, पावतीवर तसे लिहून घ्यावे, आणि पट्ट्या पाकिटात घालण्यापूर्वी पाकिटावर पेन्सिलीने साल व नावे लिहावीत.