एका कोयत्याचे कसब

मराठी भाषेने एका शब्दावर मोठा अन्याय केला आहे. ‘धंदा’ हा काही वाईट शब्द नव्हे. पण त्याला ‘वाईक’ हे शेपूट लागले, की तो शिवीच्या वळणावर जातो. ‘अमका लेखक धंदेवाईक आहे’, असे म्हटले तर त्यात कौतुक नसते, हे सांगायला कोशाची गरज नाही. उलट ‘कसब’ म्हणताच चेहरे खुलतात. गंमत अशी, की ‘कसब’ हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘कमाई’ असाच आहे. हातातले कौशल्य आणि त्याची कमाई एकाच शब्दात नांदतात, ही मोठी सुंदर गोष्ट. व्यवहारात मात्र ही दोघे एका घरात नांदतीलच, असे नाही.

कसबी माणूस म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे सोनार, सुतार, शिंपी, फार तर पैठणीचा विणकर उभा राहतो. ऊस तोडणारा काही केल्या उभा राहत नाही. त्याला आपण ‘मजूर’ म्हणून मोकळे होतो. तो खरोखर नुसताच मजूर आहे काय, हे पाहावयाचे असेल तर बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वडवणीकडे वळावे. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा मुलूख कमी पावसाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास तालुक्यातील कितीतरी घरांना कुलपे लागतात. म्हातारी माणसे मागे राहतात आणि कर्ती माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे वा कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे म्हणतात ‘एक कोयता’. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’! हत्याराच्या नावाने माणसे मोजावीत, यातच सारे आले.

आता या कोयत्याचे काम पाहा. उसात साखर सर्वांत जास्त असते ती बुडख्याकडे. म्हणून घाव जमिनीलगत बसला पाहिजे. वीतभर खुंट राहिला, तर साखर रानातच राहते. शिवाय खोडवा जमिनीखालच्या डोळ्यांतून जोमाने फुटावयाचा, तो वरच्या डोळ्यांतून अशक्त फुटतो. शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्यांत साखर थोडी. तेव्हा वाढे नेमक्या पेरावर उडवावे लागते. पाचट साफ करावयाचे, मोळी बांधावयाची आणि ती डोक्यावर घेऊन वाहनात चढवावयाची. तोडलेल्या उसातील साखर तासागणिक घटू लागते. तो शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा लागतो. म्हणून वाहन रात्री आले, तर रात्रीच उठून भरावयाचे. असा दीड-दोन टन ऊस एक कोयता दिवसाकाठी तोडतो.

यातले एक मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. तोडणीची मजुरी टनावर मिळते. शेंडा थोडा लांब ठेवला, तर वजन वाढेल आणि पाठही कमी वाकेल. तरीही जाणता तोडकरी शेंडा जागेवर उडवतो आणि घाव जमिनीलगतच घालतो. पुढच्या वर्षी त्या रानातला खोडवा कसा फुटला, हे पाहावयास तो कदाचित यावयाचाही नाही. कोणी पाहत नाही तेथेही काम चोख करावयाचे, गिऱ्हाइकाचे उद्याचे हित आपल्या आजच्या सोयीपेक्षा मोठे मानावयाचे आणि वेळ पाळावयाची, याहून व्यावसायिकतेची वेगळी व्याख्या कोणी करील, असे मला वाटत नाही. शहरातल्या कितीतरी पाटीवाल्यांना या तीन कसोट्या जड जातील!

मग उणे कोठे आहे? कसबाच्या दुसऱ्या अर्थात, म्हणजे कमाईत. हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घ्यावयाची आणि ती अंगमेहनतीने फेडावयाची, ही येथली रीत. एक दिवस काम चुकले, तर ‘खाडा’ धरला जातो आणि त्याचा दंड उचलीत चढतो. वकील आजारी पडला तर तारीख पडते. कोयता आजारी पडला तर कर्ज वाढते. या रीतीची किंमत बायकांनी शरीराने मोजली आहे. सरकारने २०१९ साली नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, हे चांगले झाले. पण दर वाढला म्हणून खाडा सुटला नाही.

लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या साखरेने महाराष्ट्राच्या खेड्यांत शाळा आणि महाविद्यालये उभी केली. आमच्यासारखे अनेक अध्यापक त्यांच्याच पगारावर संसार करतात. परंतु ज्या जोडीच्या हातांवर हा डोलारा तोलला आहे, तिची मुले मात्र कोपीत राहून शाळेला मुकतात. आता तोडणीची यंत्रे येत आहेत. ती येऊ देत. पण तोवर तरी लेखी करार, वजनाची पावती, आजारपणाची रजा आणि मुलांची शाळा एवढे या व्यवसायाला मिळावयास हवे. हे उपकार नव्हेत; कोणत्याही व्यवसायाचा हा किमान शिरस्ता आहे.

करंज्यांच्या सारणात पिठीसाखर घालताना एवढे आठवले तरी पुष्कळ. कौशल्य त्यांनी केव्हाच सिद्ध केले आहे. त्यांना ‘कसबी’ म्हणण्याची आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ त्यांच्या पदरात घालण्याची जबाबदारी आता आपली आहे.