एक चांगली बाई मिळाली की झालं

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि पाचव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. भेटायला आलेला प्रत्येक जण मला एकच सांगून गेला, "एक चांगली बाई बघ, म्हणजे तू सुटलीस." मीही तेच धरून बसले होते. पुढच्या चौदा महिन्यांत आमच्या कोथरूडच्या घरात सहा माणसं येऊन गेली. त्यातली चार चांगलीच होती. सुटले मात्र मी नाही.

"दिवसाची नर्स हवी आहे"

नर्सिंग ब्युरोला फोन करून मी हेच बोलले. पलीकडून "पाठवतो ताई" एवढंच आलं. दुसऱ्या दिवशी पांढरा कोट घालून ज्या बाई आल्या, त्या आठ वर्षं एका हॉस्पिटलात आया होत्या. हाताला उरक होता, बोलणं गोड होतं. पण त्या नर्स नव्हत्या आणि आपण नर्स आहोत असं त्या कधी म्हणाल्याही नाहीत. मीच विचारलं नव्हतं.

नर्स म्हणजे एएनएमची दोन वर्षं, जीएनएमची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं शिकलेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली व्यक्ती. नोंदणीचा कागद मागितला की खऱ्या नर्सला राग येत नाही. बाकीच्या मावशी आणि मामा म्हणजे अटेंडंट. अंघोळ, स्पंजिंग, डायपर, भरवणं, हाताला धरून संडासापर्यंत नेणं ही कामं ते करतात, आणि अनुभवी मावशी ती नव्या नर्सपेक्षा सफाईने करते. सलाइन लावणं, नाकातली नळी बसवणं, कॅथेटर बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग ही त्यांची कामं नव्हेत. सांगितली तर काही जण भिडेखातर करतातही, आणि धोका नेमका तिथे असतो.

म्हणून ब्युरोला फोन करण्याआधी एक कागद घ्यावा आणि सकाळी सहापासून पुढच्या सकाळी सहापर्यंत काय काय करावं लागतं ते लिहून काढावं. आमच्या कागदावर नर्सचं काम निघालं तीन दिवसांतून एकदा वीस मिनिटांचं. त्यासाठी पूर्ण वेळ नर्स ठेवायची गरजच नव्हती. ड्रेसिंगपुरती येऊन जाणारी सिस्टर आणि बारा तासांच्या मावशी एवढ्यात ते भागलं.

"इन्सुलिन काय, टोचायचं नि झालं"

टोचणं घरातलं कुणीही शिकू शकतं. अवघड असतं ते न टोचायचं कधी, हे ठरवणं. भिंतीवर मी कागद लावला होता : "रात्री ८, इन्सुलिन १० युनिट." एका रात्री अण्णांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. मावशींनी कागदाप्रमाणे इन्सुलिन दिलं. साडेदहाला अण्णांना दरदरून घाम फुटला, जीभ अडखळायला लागली. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५२. ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून साखरपाण्यावर निभावलं.

घरातल्या सगळ्यांनी बोट मावशींकडे दाखवलं. पण त्यांनी कागद पाळला होता आणि कागद माझा होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून मी तो नव्याने लिहिला : निम्म्याहून कमी जेवले तर इन्सुलिन देण्याआधी मला फोन, मी नसले तर कुणाला, साखर सत्तरच्या खाली आली तर काय द्यायचं. त्याच दिवशी उशाशी दोनशे पानी वही आली. जेवण, पाणी, लघवी, संडास, औषध, कूस बदलली ती वेळ, सगळं तिच्यात.

"एअर बेड आणलाय, आता बेडसोअरची काळजी नाही"

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. एअर बेडचे कप्पे आळीपाळीने फुगतात आणि ओसरतात, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही. त्याची मदत होते यात शंका नाही. पण जो स्वतः हलू शकत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावीच लागते, गादी कसलीही असो. टाचांचा तर सगळ्यांना विसर पडतो. पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवायची. माणूस पायथ्याकडे घसरत आला की काखेत हात घालून ओढायचं नाही, खाली आडवी घातलेली चादर दोघांनी धरून उचलायचं. ओढण्यात आतली कातडी फाटते.

माकडहाडाच्या जागी लाली दिसली की जुनी माणसं स्पिरिट चोळायला सांगतात, वर पावडर. लाल झालेल्या जागी चोळलं की आतल्या दुखावलेल्या पेशी आणखी मरतात आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते. मधे भोक असलेली रबरी रिंगही तशीच. ती कडेचा रक्तपुरवठा दाबते. लालीवर बोट दाबून बघावं. दाब काढल्यावर जागा पांढरट दिसून पुन्हा लाल झाली तर वेळ हातात आहे. पांढरी झालीच नाही तर ती बेडसोअरची पहिली पायरी, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा जागा गरम किंवा कडक लागते का ते हाताने पाहावं. हे मला ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी शिकवलं. तोवर मी गादीचं बिल जपून ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

"पडू दे आता निवांत"

आत्याबाईंचा हा लाडका मुद्दा. खुब्याच्या ऑपरेशननंतर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उभं करतात, ते उगाच नव्हे. म्हातारपणी पडून राहिलेल्या माणसाचं स्नायूबळ दिवसागणिक उतरतं, छातीत कफ साठतो, पायांत रक्ताच्या गाठी होण्याची भीती असते. फिजिओथेरपिस्ट अर्धा तास येऊन जातो, पण उरलेल्या दिवसात अण्णांना वॉकर धरून चार वेळा उठवणार कोण? ते मावशींना दाखवून द्यावं लागतं, त्यांना जमेपर्यंत समोर बसावं लागतं. आडवं पडलेलं असताना पाणी पाजायचं नाही हेही तसंच. घोट श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियाला निमित्त मिळतं.

"चोवीस तासांची बाई आहे, रात्रीचं टेन्शन नाही"

चोवीस तासांची बाई चोवीस तास घरात असते, चोवीस तास जागी नसते. आमच्याकडे परभणीकडच्या एक ताई होत्या. अण्णा रात्री तीनदा उठायचे, दिवसा डुलकी घ्यायचे. ताईंना मात्र दिवसा धुणं. (पेशंटचे कपडे ठीक. आमच्या चादरीही त्यांच्याकडे जायला लागल्या, ही माझी लबाडी.) दहाव्या दिवशी अण्णांना खुर्चीत बसवताना ताईंचा तोल गेला. दोघंही वाचले. त्यानंतर दुपारी दोन ते पाच त्यांची झोप ठरली आणि महिन्यात चार दिवस सुट्टी. ते चार दिवस आणि रोजचे तीन तास माझे. परवडत असेल तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या उत्तम.

इथेच पैशाचंही. मेडिक्लेम अटेंडंटचा पगार सहसा देत नाही. पॉलिसीत "डोमिसिलिअरी" असा शब्द दिसला तरी त्यातून मिळतो तो हॉस्पिटलात दाखल करावं लागेल अशा आजारावर घरी केलेल्या उपचारांचा खर्च, तोही अटींसह. आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी आलेलं आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड हॉस्पिटलातल्या उपचारांसाठी आहे.

"पोटची मुलगी असताना परक्याच्या हाती दिलं"

हे तोंडावर कुणी बोलत नाही, जिन्यात बोलतात. मलाही बराच काळ तसंच वाटायचं, म्हणून सुरुवातीला अण्णांची अंघोळ मी घालायचे. ते डोळे गच्च मिटून बसायचे. मला वाटायचं, साबण जातोय. मग ब्युरोने एका मामांना पाठवलं. पहिल्याच दिवशी बाथरूममधून दोघांच्या गप्पा ऐकू आल्या, सातारा स्टँडवरच्या, कुठल्याशा ड्रायव्हरने म्हसवडच्या गाडीत शेळ्या घेतल्या होत्या त्याच्या. अण्णा हसत होते. लेकीसमोर उघडं बसायची लाज मी त्यांच्यावर तीन आठवडे लादली होती, सेवा म्हणून.

परकं माणूस घरात घ्यायचं तर आधार कार्डाची प्रत, पोलीस पडताळणी, ब्युरोच्या करारात बदली माणूस किती दिवसांत देणार याचं कलम, हे आपणच पाहायचं. "आमचं सगळं चेक केलेलं असतं" यावर विसंबू नये. विश्वास मात्र कराराने बसत नाही. तो कसा बसतो ते मला अण्णांनीच दाखवलं.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस. एका संध्याकाळी त्यांनी उशाची वही मागितली, चष्मा लावला आणि पानभर शांतपणे वाचलं.

"मामा, ही सगळी नोंद एका बैठकीतली आहे."

मामा गप्प.

"शाई एक, अक्षर एक, कुठे खाडाखोड नाही. दोन वाजता कूस बदलली म्हणून लिहिलंय. दोन वाजता मी खुर्चीत बसून तुमच्याशी पत्ते खेळत होतो."

मामांनी पेन उचललं आणि त्या ओळीवर काट मारली. "पत्ते लिहू का, अण्णा?"

"लिहा. आणि कोण हरलं तेही लिहा."