युलिसिसमधील फीनिक्स पार्क हत्याकांड

आयरिश लेखक जेम्स जॉइस (१८८२–१९४१) यांच्या 'युलिसिस' (१९२२) या आधुनिकतावादी कादंबरीत डब्लिनच्या फीनिक्स पार्क उद्यानात १८८२ साली झालेल्या राजकीय हत्याकांडाचे उल्लेख अनेक प्रकरणांत येतात. कादंबरीचे कथानक १६ जून १९०४ या दिवसाभोवती गुंफलेले आहे. तोवर घटनेला बावीस वर्षे उलटली असल्याने ती वाचकासमोर केवळ आठवणी, अफवा आणि वृत्तपत्राच्या कचेरीतील गप्पा या रूपांत येते. राजकीय हिंसेची स्मृती पत्रकारितेमुळे कशी टिकते आणि कशी विकृत होते, हे या उल्लेखांचे प्रमुख आशयसूत्र होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

६ मे १८८२ रोजी आयर्लंडचे नवनियुक्त मुख्य सचिव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश आणि उपसचिव टॉमस हेन्री बर्क यांची 'इन्व्हिन्सिबल्स' या गुप्त क्रांतिकारी गटाने शस्त्रक्रियेच्या सुऱ्यांनी हत्या केली. गटातील जेम्स केरी माफीचा साक्षीदार झाला व १८८३ मध्ये पाच जणांना फाशी देण्यात आली. 'स्किन-द-गोट' या टोपणनावाने ओळखला जाणारा घोडागाडीवान जेम्स फिट्झहॅरिस याला सक्तमजुरीची शिक्षा झाली.

१८८७ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'ने आयरिश नेते चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल यांच्या सहीचे म्हणून एक पत्र छापले. त्यात बर्क यांच्या हत्येचे समर्थन होते. हे पत्र पत्रकार रिचर्ड पिगॉट याने बनावट तयार केल्याचे १८८९ मध्ये चौकशी आयोगापुढे उघड झाले. 'हेझिटन्सी' या शब्दाच्या स्पेलिंगमधील त्याची चूक त्यात निर्णायक ठरली. हीच चूक जॉइस यांनी पुढे 'फिनेगन्स वेक' (१९३९) मध्ये वारंवार वापरली.

'ईओलस' प्रकरण

सातवे प्रकरण 'फ्रीमन्स जर्नल' व 'इव्हनिंग टेलिग्राफ' यांच्या कचेरीत घडते. ग्रीक पुराणकथेतील वाऱ्यांचा अधिपती ईओलस याच्या नावाने ते ओळखले जाते. त्याचा मजकूर वृत्तपत्री मथळ्यांसारख्या शीर्षकांनी तोडलेला आहे. ही शीर्षके जॉइस यांनी १९२१ मध्ये मुद्रितशोधनाच्या टप्प्यावर घातली.

येथे संपादक माइल्स क्रॉफर्ड हा इग्नेशियस गॅलहर या बातमीदाराचा पराक्रम सांगतो. मारेकऱ्यांच्या पलायनाचा मार्ग न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राला तारेने कळवायचा होता. त्यासाठी गॅलहरने जुन्या अंकातील कॉफीच्या जाहिरातीचाच नकाशा केला. जाहिरातीतील एकेक अक्षर म्हणजे डब्लिनमधील एकेक ठिकाण, असा त्याचा संकेत होता. क्रॉफर्डच्या कथनात मृतांपेक्षा बातमीदाराच्या हुशारीला महत्त्व मिळते आणि हत्येचे ठिकाण जाहिरातीतील एका अक्षरापुरते उरते. कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम हाही याच वृत्तपत्रासाठी जाहिराती मिळवण्याचे काम करतो.

क्रॉफर्ड तारीख ६ मे अशी अचूक सांगतो, मात्र साल १८८१ सांगतो. तो मारेकऱ्यांच्या गाडीचा संबंध फिट्झहॅरिसशी जोडतो. प्रत्यक्षात मारेकरी मायकेल कॅव्हनाच्या गाडीतून पळाले. फिट्झहॅरिसची गाडी पाठलाग करणाऱ्यांना चकवण्यासाठी होती.

अन्य प्रकरणांतील उल्लेख

पाचव्या प्रकरणात ब्लूमला साक्षीदार केरीचे पहिले नाव नीट आठवत नाही. पीटर, डेनिस अशी चुकीची नावे त्याच्या मनात येतात. सोळाव्या 'युमेअस' प्रकरणात बट पुलाजवळील गाडीवानांच्या निवाऱ्याचा चालक हाच 'स्किन-द-गोट' असल्याची वदंता आहे, परंतु कादंबरी तिची खातरजमा करत नाही. तेथेच ब्लूम सायंदैनिकात सकाळच्या अंत्ययात्रेचे वृत्त वाचतो. त्यात त्याचे नाव 'बूम' असे छापलेले असते आणि गैरहजर असलेला स्टीफन डेडलस उपस्थितांच्या यादीत असतो. एका साध्या अंत्ययात्रेचे वृत्तही त्याच दिवशी चुकते, हे पाहिल्यावर बावीस वर्षांपूर्वीच्या हत्याकांडाबद्दलच्या कथनांवर किती विसंबावे, हा प्रश्न वाचकापुढे उभा राहतो.

कचेरीचे पुढील भवितव्य

'ईओलस' प्रकरण १९१८ मध्ये 'द लिटल रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रथम प्रसिद्ध झाले. त्यापूर्वीच, १९१६ च्या ईस्टर उठावात, 'फ्रीमन्स जर्नल'ची ही कचेरी नष्ट झाली होती. मार्च १९२२ मध्ये, कादंबरी प्रकाशित झाल्यानंतर काही आठवड्यांतच, अँग्लो-आयरिश तहाच्या विरोधकांनी या वृत्तपत्राची छपाईयंत्रे फोडली. १९२४ मध्ये ते बंद पडले.