वेधशाळा

वेधशाळा : खस्थ ज्योतींची स्थाने व गती, तसेच वातावरण, भूचुंबकत्व, भूकंप इत्यादींविषयीची मापने जेथे उपकरणांच्या साहाय्याने सातत्याने घेतली व नोंदली जातात, त्या स्थानास वेधशाळा म्हणतात.

व्युत्पत्ती : ‘वेध’ हा शब्द भोसकणे, आरपार जाणे या अर्थाच्या ‘व्यध्’ या संस्कृत धातूशी निगडित आहे. बाणाने लक्ष्य भेदणे हा वेधच होय. ज्योतिषशास्त्रात यष्टी (काठी) किंवा नलिका (पोकळ नळी) ताऱ्यावर रोखून डोळा, यष्टीची दोन्ही टोके व तारा एका सरळ रेषेत आणतात आणि त्या रेषेने क्षितिजाशी केलेला कोन मोजतात. दृष्टीने लक्ष्य भेदण्याच्या या क्रियेस ‘वेध घेणे’ म्हणतात. नुसते पाहणे म्हणजे वेध नव्हे. त्यात मापन अभिप्रेत असते. ग्रहणापूर्वीच्या निषिद्ध काळासही ‘वेध’ म्हणतात. मात्र तो धर्मशास्त्रीय अर्थ निराळा आहे.

इंग्रजीतील ‘ऑब्झर्व्हेटरी’ हा शब्द लक्ष ठेवणे, राखणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. अरबी ‘रसद’ म्हणजे पाळत ठेवणे. त्यावरून फार्सीत ‘रसदखाना’ हा शब्द झाला. या दोन्ही शब्दांत जागरूकतेवर, तर ‘वेध’ या शब्दात अचूक रोख धरण्यावर भर आहे.

अर्थविस्तार : दुसऱ्या भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणी (११५०) या ग्रंथात यष्टी, शंकू इ. वेधयंत्रांचे वर्णन आहे. अठराव्या शतकात सवाई जयसिंग यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी व मथुरा येथे वेधशाळा उभारल्या. त्यांच्या ‘जंतरमंतर’ या लोकरूढ नावातील ‘जंतर’ हे ‘यंत्र’ या शब्दाचे रूप आहे. मुंबईत कुलाबा येथे १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन झाली. पुढे विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांमुळे चुंबकीय मापनांत व्यत्यय येणार म्हणून ते कार्य १९०४ मध्ये अलिबाग येथे नेण्यात आले. १९२८ मध्ये भारतीय वातावरणवैज्ञानिक खात्याचे प्रमुख कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. हे कार्यालय १९४४ मध्ये दिल्लीस गेले, तरी खात्याचे बरेच कार्य पुण्यात चालू राहिले. मराठी बोलण्यात ‘वेधशाळेचा अंदाज’ म्हणजे पावसाचा अंदाज, असाच अर्थ रूढ आहे.

आधुनिक वेधशाळेत डोळ्याची जागा ग्राहीने घेतली आहे. नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेनांचा रेडिओ दूरदर्शक आहे; हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय तरंगांच्या वेधशाळेस २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तेथे दृष्टीची रेषा उरत नाही. तथापि दिशा व काळ निश्चित करून मापन करणे हा ‘वेध’ या शब्दाचा गाभा कायम राहतो.