मारेकरी पेशीचा हिशेब

ये गं, बस. आज लंडनची गोष्ट. तिथं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटला लहान मुलांचं मोठं रुग्णालय आहे, 1852 सालचं. मे 2022मध्ये तिथल्या एका मुलीला परक्या माणसाच्या टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या लढाऊ पेशी, दिल्या. तिला रक्ताचा कर्करोग होता, ल्युकेमिया. केमोथेरपी झाली, अस्थिमज्जा बदलून झाली, तरी तो हटेना.

तिच्या बिघडलेल्या पेशींवर सीडी7 नावाची खूण होती. डॉक्टर वसीम कासिम आणि मंडळींनी दात्याच्या टी-पेशींना ती खूण दिसली की मारायला शिकवलं. पण गंमत बघ, तीच खूण या मारेकऱ्यांच्याही अंगावर! म्हणजे आधी एकमेकींचाच जीव घेतला असता. म्हणून डीएनएमधलं नेमकं अक्षर बदलून त्यांची खूण पुसली. महिन्याभरात मुलीचा ल्युकेमिया दिसेनासा झाला.

"पण आजोबा, त्या खरंच मारतात हे आधी कसं कळतं?"

शाब्बास! हे प्रयोगशाळेत तपासतात. 1968मध्ये ब्रुनर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली एक पद्धत अजून नाव राखून आहे. ल्युकेमियाच्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियम-51 पाजायचं, बाहेर राहिलेलं धुऊन टाकायचं. मग बारीक खळग्यांच्या थाळीत मारेकरी पेशी सोडायच्या आणि 37 अंशांवर चार तास थांबायचं. मारेकरी पेशी सावजाला चिकटते. तिचं परफोरिन नावाचं प्रथिन भोकं पाडतं, त्यातून ग्रँझाइम नावाचं दुसरं प्रथिन आत शिरतं. सावज फुटलं की रंगपंचमीच्या फुग्यासारखं आतलं सगळं बाहेर! वरचं पाणी काढायचं आणि त्यातलं क्रोमियम यंत्रावर मोजायचं.

आता खरी मेख. काही पेशी कुणी हात न लावताही गळतात. म्हणून एका खळग्यात मारेकरी घालतच नाहीत. दुसऱ्यात साबणासारखं रसायन ओतून सगळ्याच फोडतात. समज, पहिल्यात आकडा आला 200, दुसऱ्यात 2200 आणि खऱ्या झुंजीत 1200. दोन्हीकडून 200 वजा कर. 2000पैकी 1000, म्हणजे निम्म्या मारल्या. ते 200 वजा केले नाहीत, तर मारेकऱ्याला फुकटचं श्रेय!

एका सावजामागे दहा मारेकरी, पाच, एक, असे निरनिराळे खळगे लावतात. एकास एक असतानाही भरपूर मेल्या, तर पेशी तिखट म्हणायची.

"आणि मारणारी मरते का?"

छे! केंब्रिजला गिलियन ग्रिफिथ्स यांच्या प्रयोगशाळेनं हे चित्रित केलंय. काम उरकून ती पुढच्या सावजाकडे वळते. क्रोमियमच्या निकालात हे दिसत नाही, तिथं फक्त चार तासांची बेरीज मिळते. म्हणून आता पेशींना चमकते रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेकीवर नजर ठेवतात.