बत्तीस रुपयांचं दूध

गैरसमज: बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला हिशेब येत नाही, मग त्याला दुकानात कसं पाठवणार?

वस्तुस्थिती: खरेदीला वजाबाकी लागतेच असं नाही. खिशात नुसत्या दहाच्या नोटा द्यायच्या. दूध ३२ रुपयांचं असेल तर तीन नोटा मोजायच्या आणि वर एक जास्तीची. उरलेले पैसे दुकानदार परत देतो.

इंग्रजीत हे सोपं जातं, कारण तिथे तीस आधी ऐकू येतं. आपल्या ‘बत्तीस’मध्ये दोन पुढे आणि तीस मागे. ‘एकोणचाळीस’ तर पोराला सरळच चकवतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा त्याची भरपूर थट्टा झाली. या मुलांना शिकवणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काही दिसणार नाही. तूर्त उपाय साधा आहे: दुकानदाराला रक्कम कॅल्क्युलेटरवर दाखवायला सांगा. ३२ दिसलं की डावीकडचा आकडा तीन; तीन नोटा आणि वर एक. दोन आकडी रकमेला एवढं पुरतं.

गैरसमज: वर्गात खोटं दुकान मांडून सराव घेतला की झालं.

वस्तुस्थिती: तिथे शिकलेलं बरंचसं तिथेच राहतं. खोट्या दुकानात मागून कुणी ‘आटपा लवकर’ म्हणत नाही, वाणी ‘सुट्टे नाहीत, चॉकलेट घे’ म्हणत नाही. आणि खेळण्यातल्या नोटा? खरी नवी दहाची चॉकलेटी, पन्नासची निळी, शंभरची फिकट जांभळी. पण जुन्या वेगळ्या रंगांच्या नोटाही चालतात. तेव्हा सराव खऱ्या पैशांनी आणि खऱ्या दुकानातच हवा. आधी ओळखीचा वाणी, जमलं की दुसरं दुकान.

सुरुवात शेवटापासून केलेली बरी. यादी, मागणी, पैसे सगळं आईने करायचं. मुलाने फक्त दूध पिशवीत टाकायचं. मग उरलेले पैसेही त्यानेच घ्यायचे. असं एकेक पाऊल मागे सरकायचं, म्हणजे काम पुरं झाल्याचा आनंद रोज त्याचाच. वाचता येत नसेल तर यादीच्या जागी साबणाचं रिकामं वेष्टण चालतं.

गैरसमज: आता यूपीआय आहे, नोटा कशाला?

वस्तुस्थिती: मोबाइलवर पैसे जाताना दिसत नाहीत. खिशात चाळीस असले तर चुकून जातील तेही चाळीसच.

गैरसमज: अशा मुलांच्या हाती कायद्यानेच पैसा देता येत नाही.

वस्तुस्थिती: २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं १३ वं कलम आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने मान्य करतं.

अडतं ते बहुधा गल्ल्यापाशी. मुलगा समोर उभा असतो आणि दुकानदार त्याच्या डोक्यावरून विचारतो, “ताई, काय हवंय त्याला?” दुकानदारांनो, त्यालाच विचारा. आणि रांगेत मागे उभे असाल, तर त्याच्या चार नोटा मोजून होईपर्यंत थांबा.