एक औषध, बारा आलेख

दम्याच्या माणसाच्या घरात डेरिफायलिनची पट्टी सापडायचीच. तिच्यातल्या दोन घटकांपैकी एक थिओफिलिन. गंमत म्हणजे, औषधांचं गणित शिकायला बसणाऱ्याची पहिली गाठही बहुधा याच औषधाशी पडते.

या गणिताचं नाव फार्माकोमेट्रिक्स. औषध पोटातून रक्तात किती वेगाने शिरतं, कुठवर पसरतं, शरीर ते कसं बाहेर काढतं आणि माणसागणिक यात किती फरक पडतो, हे समीकरणांत मांडायचं. शिकवताना वापरली जाणारी एक जुनी आकडेवारी डॉ. रॉबर्ट अप्टन यांच्या अभ्यासातली आहे. बारा जणांना तोंडावाटे थिओफिलिन दिलं आणि सुमारे 25 तासांत प्रत्येकाचं रक्त अकरा वेळा तपासलं. एकूण 132 ओळी. ‘आर’ या फुकट संगणकप्रणालीत त्या आयत्याच मिळतात.

त्यातले पहिले दोघे पाहा. बाराव्या तासाला पहिल्याच्या रक्तात दर लिटरमागे 5.94 मिलिग्रॅम औषध होतं, चोविसाव्या तासानंतर 3.28. म्हणजे निम्मंही उतरलं नाही. दुसऱ्याचं त्याच काळात 3.01 वरून 0.90 वर आलं. गणित केलं तर पहिल्याच्या शरीरात औषध निम्मं व्हायला चौदा तास लागतात, दुसऱ्याच्या सात. दोघांनाही दर आठ तासांनी तोच डोस देत राहिलं, तर दुसऱ्याच्या रक्तातली पातळी पहिल्या डोसच्या पावणेदोन-दोन पटींवर स्थिरावेल. पहिल्याची मात्र तिपटीपर्यंत चढेल. थिओफिलिनच्या बाबतीत हा फरक साधा नाही. पातळी वाढली की उलट्या, धडधड आणि थेट झटकेसुद्धा येतात.

पण दर रुग्णाचं रक्त अकरा वेळा कोण काढू देणार? अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं तर नाहीच. फेनोबार्बिटाल या औषधाची अशीच एक प्रसिद्ध आकडेवारी आहे: 59 नवजात बाळं आणि सगळ्यांचे मिळून 155 नमुने. एकेका बाळाचा आलेख स्वतंत्र काढायला ते पुरत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डॉक्टर लुईस शायनर आणि संख्याशास्त्रज्ञ स्टुअर्ट बील यांनी नेमकी हीच अडचण सोडवली. सगळ्यांचे तुटपुंजे नमुने एकत्र घ्यायचे आणि त्यांतून सर्वसाधारण चाल व माणसामाणसांतला फरक एकदमच काढायचा. त्यासाठी त्यांनी 1980च्या सुमारास ‘नॉनमेम’ प्रणाली बनवली. औषध कंपन्यांत ती आजही चालते, पण तिला परवाना लागतो. नवख्याने ‘एनएलमिक्सआर2’ घ्यावी, ती मोफत आहे. डायान मोल्ड आणि रिचर्ड अप्टन यांचे 2012 पासूनचे पाठही सर्वांना खुले आहेत. (हे अप्टन वेगळे, नावावरून गफलत होते.)

माझा आग्रह एवढाच, की प्रणाली उघडण्याआधी एका माणसाचे अकरा बिंदू आलेखाच्या कागदावर हाताने मांडावेत. बरेचसे पाठ आज्ञा टंकायला शिकवतात आणि सुंदर वक्ररेषा दाखवून मोकळे होतात. हाताने मांडताना पहिल्याच ओळीवर पेन्सिल अडखळते. पहिल्या माणसाच्या रक्तात शून्य वेळेलाच 0.74 औषध आहे! आधीचं काही शरीरात उरलं होतं, की मोजमापातली चूक? नेहमीचं साधं मॉडेल सुरुवात शून्यापासून धरतं, त्यामुळे त्याला हा बिंदू गाठताच येत नाही. तो गाळायचा, मोजमापातली चूक मानून तसाच ठेवायचा, की आधीचा उरलेला अंश मॉडेलमध्येच धरायचा, हे शिकणाऱ्यालाच ठरवावं लागतं, आणि का ठरवलं तेही अहवालात लिहावं लागतं.